गुण कापले जातात ते नेमके कुणाचे?

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत पैशांचे नियम सर्वांना सारखे आहेत, असे कुणी म्हटले की तळपायाची आग मस्तकात जाते. हे नियम मोडले म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टन क्लबचे १० गुण कापले, अपिलानंतर ते ६ वर आले, आणि त्याच हंगामात आणखी २ गेले; नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ४ गुण तेव्हाच गेले. उलट अबू धाबीच्या पैशावर उभ्या असलेल्या मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले, क्लबने ते सगळे नाकारले, आणि सुनावणी सुरू व्हायलाच सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर त्यांनी लीगची आणखी दोन विजेतेपदे पटकावली होती. चेल्सीने तर आपली दोन हॉटेले आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला विकून ताळेबंद सावरला, आणि लीगने तेही चालवून घेतले!

इथे परभणीत मैदानावर येणारी, बुटांचे स्टड झिजून सपाट झालेली पोरे एका ऑफसाइडवरून अर्धा अर्धा तास हुज्जत घालतात, कारण नियम हा नियमच, हे त्यांना मनापासून पटलेले असते. त्यांच्यातला एव्हर्टनचा चाहता विचारतो, "सर, आमचेच गुण लगेच कसे कापले?" त्याला कोणत्या तोंडाने उत्तर द्यायचे? क्लब दोषी असो वा निर्दोष, निकाल त्याच हंगामात लागला पाहिजे, आणि मालकाने स्वतःशीच केलेली विक्री उत्पन्नात धरताच कामा नये.