‘रडूबाई’ राजकन्यांची बाजू

जुन्या अॅनिमेशनपटांतील राजकन्यांविषयी एक विधान हल्ली इतक्यांदा पुढे पाठवले जाते, की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतही नाही. विधान थोडक्यात असे: या राजकन्या मनाने दुबळ्या होत्या, संकट आले की त्या मुळूमुळू रडत, अन्याय मूग गिळून सोसत आणि राजपुत्र येऊन सोडवील या आशेवर बसून राहत, कणखर नायिका पडद्यावर आली ती अलीकडे, हातात शस्त्र घेऊन. हा आरोप मुख्यतः डिस्नेच्या तीन चित्रपटांवर होतो: १९३७ची हिमगौरी, १९५०ची सिंड्रेला आणि १९५९ची झोपी गेलेली राजकन्या अरोरा. या चित्रपटांत प्रत्यक्ष काय घडते हे पाहिले, तर यातील बहुतेक मुद्दे टिकत नाहीत. एक टिकतो, आणि तो मी मान्य करणार आहे.

पहिला मुद्दा रडण्याचा. हिमगौरी रडते हे खरे, पण ती केव्हा रडते? फुले वेचायला म्हणून नेलेल्या रानात शिकारी तिच्यावर सुरा उगारतो, मग त्याचाच धीर खचतो, आणि आपला जीव घ्यायला सावत्र आईनेच याला पाठवले होते हे तिला कळते. घर आणि आसरा एका क्षणात गमावलेली ती मुलगी अंधाऱ्या जंगलातून धावत सुटते, प्रत्येक फांदी आपल्याला पकडू पाहते आहे असे तिला भासते, आणि अखेर ती जमिनीवर कोसळून हुंदके देते. अशा प्रसंगी ज्याला रडू येत नाही त्याला कणखर म्हणावे की बधिर, हे आरोप करणाऱ्यांनी एकदा ठरवावे. महत्त्वाचे आहे ते रडे ओसरल्यावर ती काय करते हे. भोवती जमलेल्या प्राण्यांना आपल्यामुळे घाबरायला झाले म्हणून ती त्यांची क्षमा मागते, आपण घातलेल्या गोंधळाची लाज वाटते असे सांगते, आणि काही बिनसले की तुम्ही काय करता, असे त्यांनाच विचारते. दिवस मावळण्यापूर्वी ती एक परके घर गाठते, ते झाडूनपुसून लख्ख करते, आणि सातही बुटके परतल्यावर स्वयंपाक, धुणे आणि शिवण यांच्या बदल्यात आसरा द्या, असा रोखठोक व्यवहार त्यांच्यापुढे मांडते. हात धुतल्याशिवाय जेवायला मिळणार नाही, हेही ती पहिल्याच रात्री त्यांना ऐकवते. जिवावरच्या प्रसंगातून त्याच दिवशी सुटलेल्या मुलीचे हे वागणे आहे, हे विसरले जाते.

दुसरा मुद्दा सोसण्याचा, आणि तो सिंड्रेलाला उद्देशून असतो. ती घर सोडून का गेली नाही, उलट उत्तर का दिले नाही, असे विचारले जाते. सोसणे आणि मान्य करणे यांत या प्रश्नाने गल्लत केली आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर तिला स्वतःच्याच घरात मोलकरीण केले गेले. जायला दुसरे ठिकाण किंवा विचारपूस करणारे कोणी नातलग तिला असल्याचे चित्रपट कुठेही दाखवत नाही. तरीही आपल्यावर होतो आहे तो अन्याय आहे, याविषयी तिच्या मनात कधीच संभ्रम नसतो. सकाळी घड्याळाचे टोले पडू लागतात तेव्हा हेसुद्धा मला हुकूम सोडते, असे ती वैतागून म्हणते, पण स्वप्ने पाहू नकोस असा हुकूम मला कोणी देऊ शकत नाही, हेही ती लगेच जोडते. राजवाड्याचे निमंत्रण येते तेव्हा ती दयेची याचना करत नाही. राज्यातील प्रत्येक उपवर मुलीने यावे असा राजाचा आदेश आहे, त्या अर्थी मलाही येता येईल, असा सरळ हक्काचा मुद्दा ती सावत्र आईसमोर, बहिणींच्या देखत मांडते. याला मूग गिळणे म्हणत नाहीत.

याहूनही मोलाची वाटते ती एक बारीकशी गोष्ट. घरात कोणी नवा उंदीर पिंजऱ्यात सापडला आहे हे कळताच ती कामाला लागण्याआधी त्याला सोडवते, त्याला अंगरखा घालते आणि नाव देते. घरात जिची पायरी सर्वांत खालची, ती आपल्याहूनही खाली असलेल्याकडे त्याच कठोरपणाने पाहू शकली असती, कारण वर्षानुवर्षे तिच्यासमोर तोच कित्ता होता. जाच सोसलेले माणूस पुढे स्वतः जाच करू लागते, हे आपण पुष्कळदा पाहतो. तो वारसा न घेणे हे मनाच्या ताकदीचेच काम आहे, आणि तलवार चालवण्यापेक्षा ते सोपे आहे असे मला वाटत नाही.

तिचा धीर कधी सुटतच नाही, असेही चित्रपट भासवत नाही. उंदरांनी आणि पाखरांनी शिवलेला पोशाख बहिणी टराटरा फाडतात तेव्हा ती बागेत जाऊन रडते आणि विश्वास ठेवण्यासारखे आता काहीच उरले नाही, असे म्हणते. चित्रपटाने हा कडेलोट झाकलेला नाही, म्हणूनच तिचा आधीचा संयम दिखाऊ वाटत नाही.

तिसरा मुद्दा राजपुत्राची वाट पाहण्याचा. हिमगौरीच्या बाबतीत तो काहीसा खरा आहे. राजपुत्र येईल अशा आशयाचे गाणे ती खरोखरच गाते. मात्र चुंबनाने जागे होणे ही चित्रपटाने घातलेली भर आहे. ग्रिम बंधूंच्या कथेच्या रूढ पाठात चुंबन नाहीच. काचेची शवपेटी नेणारे सेवक ठेचकाळतात आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा त्या हिसक्याने बाहेर पडतो. सिंड्रेलाला तर हा आरोप मुळीच लागू पडत नाही. तिला हवी असते ती एका संध्याकाळची मोकळीक. आपण ज्याच्याबरोबर नाचलो तोच राजपुत्र, हे तिला ठाऊकही नसते. बारा वाजू लागल्यावर निघताना राजपुत्राची तर अजून भेटच झाली नाही, असे ती त्यालाच सांगते! १९८९च्या जलपरी एरियलविषयीही हेच म्हणावे लागेल. जमिनीवरच्या जगाची ओढ ती गाण्यातून व्यक्त करते ती राजपुत्र दिसण्यापूर्वी, आणि बुडणाऱ्या राजपुत्राला वाचवते तीच.

अनोळखी म्हातारीच्या हातचे सफरचंद खाल्ले म्हणून हिमगौरीला भोळी म्हणतात. भोळेपणा हा दोष खरा, पण तो पारखण्यातला दोष आहे, मनोबलाचा नव्हे. या मुद्द्यावर अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

आता मान्य करायचा मुद्दा. अरोराच्या बाजूने मला फारसे बोलता येत नाही. एका संध्याकाळीच तिचे नाव, तिचे रानातले आयुष्य आणि नुकताच भेटलेला तरुण हे सारे तिच्यापासून हिरावले जाते, ती रडते, आणि त्यानंतर मंत्राच्या अमलाखाली चरख्याकडे खेचली जाते. यात तिला निवड करण्याची संधी पटकथेने दिलेलीच नाही. तेथे लढतात त्या तीन पऱ्या आणि राजपुत्र. पण तिला दुबळी म्हणण्यापेक्षा पटकथेने तिला अपुरी ठेवली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. आणि तिचा दाखला देऊन उरलेल्या दोघींचा निकाल लावणे तर मुळीच योग्य नाही.

शेवटचा मुद्दा असा, की सिंड्रेलाची सुटका तिला आयती मिळाली. सावत्र आई तिला माडीवरच्या खोलीत कोंडते. किल्ली उंदीर आणतात हे खरे, पण ज्याला तिने पिंजऱ्यातून सोडवले होते तोही त्या किल्लीच्या ओझ्याखाली धापा टाकत असतो, आणि मांजर आडवे येते तेव्हा कुत्र्याला बोलावून आणा, हे तिलाच सुचते. ती खाली पोहोचते, आणि त्याच क्षणी सावत्र आई काठी आडवी घालून बूट आणणाऱ्या सेवकाला पाडते. काचेचा बूट फुटतो, सरदार हवालदिल होतो, तिथे राजपुत्र नसतो आणि परीही नसते. अशा वेळी सिंड्रेला शांतपणे सांगते की जोडीतला दुसरा बूट माझ्याजवळ आहे, आणि तो काढून सरदाराच्या हाती देते.