‘कुठला स्टेज टाकू?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा

क्लच घसरायला लागला की स्पोर्ट्स कारवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: स्टेज वन टाकू, टू टाकू की थ्री? स्टेज म्हणजे विकणाऱ्या कंपन्यांनी क्लच किटांना दिलेले दर्जे. हे स्टेज ठरवले कुणी? ज्याने त्याने आपापले. सर्वमान्य असं माप त्यामागे नाही. एका कंपनीच्या ‘स्टेज टू’मध्ये साधी ऑरगॅनिक प्लेट आणि जरा कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर, दाबून धरणारी) येते, दुसरीच्या ‘स्टेज टू’मध्ये सहा पकची (घर्षणाच्या सुट्या तुकड्यांची) सिरॅमिक प्लेट. चालवायला दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. माझं मत सरळ आहे. रोज रस्त्यावर चालणाऱ्या आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मूळ पद्धतीची ऑरगॅनिक प्लेट, स्प्रिंगवाला हब (प्लेटचा धक्के शोषणारा मधला भाग) आणि इंजिनाची ताकद वाढवली असेल तरच थोडी वरच्या दाबाची प्रेशर प्लेट, एवढं पुरतं. वाचलेले पैसे फ्लायव्हील, बेअरिंग आणि सील यांवर घाला.

आधी क्लच खरंच गेलाय का ते बघा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २,००० ते २,५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा चढतोय पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. टर्बो गाडीत हे बूस्ट भरल्याबरोबर कळतं. याउलट गिअर पडताना खरखर होते, पेडल खाली राहतं किंवा पेडल अगदी तळाशी असतानाच क्लच जुळतो, असं असेल तर दोष बहुधा हायड्रॉलिक्सचा, म्हणजे पेडलचा जोर ऑइलमधून क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचा, असतो. आधी मास्टर (पेडलजवळचा) आणि स्लेव्ह (क्लचजवळचा) सिलेंडरची गळती, ऑइल, लाइनमधली हवा तपासा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज नसते. स्लेव्ह बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या) आत असेल तर मात्र सुटका नाही.

आता आकडे. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाच्या बाजू किती, घर्षण गुणांक किती, प्रेशर प्लेटचा दाब किती आणि प्लेटची सरासरी त्रिज्या किती. चौघांचा गुणाकार करायचा. उदाहरण घ्या. प्लेटचा बाहेरचा व्यास २४० मिमी, आतला १६० मिमी, म्हणजे सरासरी त्रिज्या १०० मिमी. दाब ६,००० न्यूटन, गुणांक ०.३, बाजू दोन. उत्तर येतं ३६० न्यूटन-मीटर. इंजिन २८० चं असेल तर जवळजवळ तीस टक्के शिल्लक, उत्तम. त्याच इंजिनाला रीमॅप करून (सॉफ्टवेअरने ताकद वाढवून) ३५० केलं की शिल्लक दहाच न्यूटन-मीटर. वर प्लेट तापून गुणांक ०.२५ वर उतरला तर क्लचची क्षमता ३०० वर येते आणि तो घसरणारच. इथे प्लेटचं मटेरियल न बदलता फक्त दाब वीस टक्के वाढवला तरी ४३२ मिळतात. म्हणजे रीमॅप केलेल्या गाडीलाही स्टेज थ्रीची सक्ती नाही.

ही बेरीज-वजाबाकी करताना एक चूक सर्रास होते. डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) चाकांपाशी मोजलेला टॉर्क धरला जातो, आणि क्लचला तर इंजिनाचा पूर्ण टॉर्क झेलायचा असतो. ड्राइव्हलाइनमध्ये (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत) पंधरा टक्के जातात असं धरलं तर चाकांवरचे ३०० म्हणजे इंजिनाचे साधारण ३५०. क्लच घ्यायचा तो त्या ३५० वर पंचवीस-तीस टक्के ठेवून. दुप्पट क्षमतेचा क्लच घेऊन काही कमावत नाही. झटका कुठेतरी मुरावा लागतो. क्लच घसरला नाही तर तो गिअर, ड्राइव्हशाफ्ट किंवा डिफरेन्शिअलवर जातो, आणि त्यांचं बिल क्लचपेक्षा मोठं असतं.

टॉर्कची क्षमता आणि उष्णतेची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत पहिलीच असते. सपाट रस्त्यावर आरपीएम स्थिर धरून गाडी उचलली, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तितकीच क्लचमध्ये उष्णता होते. १,४०० किलोची गाडी, क्लच ३० किमी वेगाला जुळला, तर सुमारे ४९ किलोज्यूल. तोच लाँच (जागेवरून गाडी उचलणं) दुप्पट आरपीएमवर केला आणि क्लच ६० ला जुळला, तर चौपट, जवळजवळ १९५. म्हणून ‘माझा क्लच ५०० न्यूटन-मीटरचा आहे’ असं सांगणाऱ्याचाही क्लच लागोपाठ चार-पाच लाँचमध्ये वास मारायला लागतो. त्यात हलकं फ्लायव्हील घातलेलं असेल तर उष्णता शोषायला लोखंडही कमी.

मटेरियलबद्दल. ऑरगॅनिक प्लेट मऊ जुळते, फ्लायव्हील खात नाही, थोडी तापली तर थंड झाल्यावर पुन्हा नीट चालते. केव्हलार टिकतो भरपूर आणि जुळतोही छान, पण बेडिंगला (नवा असताना नीट बसायला) वेळ घेतो आणि एकदा का अति तापून त्यावर काचेसारखा गुळगुळीत थर चढला की सहसा परत सुधारत नाही. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर सरकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. सिरॅमिक पक उष्णता भरपूर सोसतो, पण जुळताना मधली अवस्था जवळजवळ नसते: एकतर सुटलेला, नाहीतर जुळलेला. सिग्नलवर गाडी उड्या मारते, चढावर रिव्हर्स घेताना घाम फुटतो, फ्लायव्हीलही लवकर झिजतं. सिंटर्ड आयर्न (लोखंडाच्या भुकटीची प्लेट) रेससाठी सोडून द्या. पोर्शे कॅरेरा जीटीमध्ये कंपनीनेच १६९ मिमी व्यासाचा छोटा सिरॅमिक क्लच दिला होता; इंजिन खाली बसवता यावं हा हेतू, आणि नवख्याच्या हाती गाडी बंद पडते ही तिची ख्याती.

दाब वाढवला की पेडल त्याच प्रमाणात जड होतं. शिवाय पेडल दाबलेलं असताना तो सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर आणि स्लेव्हच्या सीलवर येतो. मूळ दाबाच्या तीस-चाळीस टक्क्यांपुढे जायची वेळ आली तर ट्विन प्लेट (दोन प्लेटांचा क्लच) बघा. घर्षणाच्या बाजू चार, त्यामुळे कमी दाबात आणि लहान व्यासात तेवढाच टॉर्क. पेडल दाबल्यावर मधली प्लेट खडखडते, तो आवाज मात्र मान्य करावा लागतो.

खरी पंचाईत फ्लायव्हीलची. ड्युअल मास (दोन भागांचं) असेल तर धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा फ्लायव्हीलमध्येच असतात, म्हणून त्याच्या प्लेटचा हब बहुधा स्प्रिंगांशिवाय येतो. असं फ्लायव्हील काढून सिंगल मास (एकसंध) टाकलं तर प्लेट स्प्रिंगवाल्या हबचीच हवी. जुनी कडक हबची प्लेट तशीच बसवली की न्यूट्रलला गिअरबॉक्समधून खडखडाट येतो आणि पेडल दाबल्यावर थांबतो. स्प्रिंगवाल्या हबनेही तो पूर्ण जाईलच असं नाही. फार हलक्या फ्लायव्हीलने आयडल डळमळतं, आणि क्रँकच्या वेगातले चढउतार बघून काही ईसीयू (इंजिनाचे कॉम्प्युटर) मिसफायरचा खोटा कोड टाकतात. ड्युअल मास ठेवायचं असेल तर हाताने फिरवून आणि हलवून त्याचा प्ले (ढिलेपणा) कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे का बघा; ग्रीस बाहेर आलं असेल तर बदला.

सिंगल मास फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग दिसले तर तिथलं लोखंड तापून कडक झालेलं असतं. लेथवर घेतलं तर टूल त्या जागी उडी मारतं आणि उंचवटे तसेच राहतात. मग नवी प्लेट बसवूनही क्लच सोडताना गाडी थरथरते आणि दोष प्लेटच्या माथी जातो. ग्राइंडिंग करून घ्या. फ्लायव्हील पायरीचं (घर्षणाची जागा आणि प्रेशर प्लेट बसायची जागा वेगळ्या उंचीवर असलेलं) असेल तर पायरीची उंची मूळ मापात राहील हे बजावून सांगा.

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या. आत बसणारा स्लेव्ह असेल तर तोही, जुना कितीही चांगला दिसला तरी. सी५ कॉर्व्हेटसारख्या गाडीत गिअरबॉक्स मागे असतो आणि क्लचपर्यंत पोहोचायला टॉर्क ट्यूब काढावी लागते. तिथे एका सीलची कंजुषी म्हणजे सगळं काम दुसऱ्यांदा. १९९७ ते २००५ च्या बहुतेक पोर्शे बॉक्सस्टर आणि ९९६ पिढीच्या ९११ मध्ये (टर्बो आणि जीटी३ सोडून) आयएमएस बेअरिंगही (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं) याच वेळी हाताशी येतं. बऱ्याच मॅन्युअल बीएमडब्ल्यूंच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये क्लच हळू जुळावा म्हणून डिले व्हॉल्व्ह असतो. नवा क्लच जुळताना रेंगाळतोय असं वाटलं तर आधी तो आठवा.

बसवताना प्लेट आधी नुसती इनपुट शाफ्टवर सरकवून बघा, स्प्लाइन (दोन्हींवरचे खाचदार दाते) जुळायला हवेत. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. स्प्लाइनवर ग्रीसचा पुसट हात पुरे, जास्तीचं फिरताना उडून प्लेटवर येतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा देत कसा, शेवटी टॉर्क रेंच. लुक (LuK) कंपनीची आपोआप ॲडजस्ट होणारी प्रेशर प्लेट असेल तर तिच्या खास टूलशिवाय हात लावू नका. आणि गिअरबॉक्स लावताना त्याचं वजन प्लेटच्या हबवर लटकू देऊ नका. हब जरासा वाकला तरी क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला आणि रिव्हर्स खरखरतात, आणि लोक महिनाभर ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) करत बसतात.

पेडल शेवटपर्यंत दाबल्यावर नवी प्रेशर प्लेट गरजेपेक्षा जास्त दाबली जात असेल तर डायफ्रामच्या (तिच्या गोल स्प्रिंगच्या) बोटांची वाट लागते. पेडल स्टॉप (पेडल ठरावीक जागी थांबवणारा अडथळा) लावा. मग बेडिंगसाठी ५०० ते ८०० किलोमीटर गावातल्या थांबत-थांबत जाण्याचे, लाँच न करता. हायवेचे किलोमीटर यात मोजू नका, तिथे क्लच दाबलाच जात नाही.