क्लस्टरला बांध घालू नका

गेले काही महिने एक मजकूर कॉलेजांच्या आणि संशोधन संस्थांच्या कॉम्प्युटर सेंटरांमध्ये फिरतोय. मलाही तो तिघांकडून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: क्लस्टरमधल्या, म्हणजे मोठी गणितं करायला एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांच्या ताफ्यातल्या, मशिन्सचे विभागवार गट पाडा, प्रत्येक विभागाला स्वतंत्र पार्टिशन (मशिन्सचा गट आणि त्याची रांग) द्या, दुसऱ्या कुणाला त्यात शिरू देऊ नका. ज्याचे पैसे त्याची मशिन्स, म्हणून हे न्यायाचं. रांगा लहान होतात. एकाच्या चुकीचा दुसऱ्याला ताप होत नाही. हिशेब सोपा राहतो. शिवाय हार्डवेअर वेगवेगळं असलं की गट पाडण्यावाचून गत्यंतरच नसतं.

मी बरीच वर्षं स्लर्मवर चालणारा क्लस्टर सांभाळते. स्लर्म हा शेड्युलर, म्हणजे कुणाचं काम कोणत्या मशिनवर कधी चालवायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर. यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. आधीचे चार चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत रात्र रात्र ताटकळणारी पीएचडीची मुलं मोजतात.

आधी रांगेचं बघू. नोड म्हणजे क्लस्टरमधलं एक मशिन, आणि जॉब म्हणजे त्यावर चालवायला रांगेत लावलेलं काम. ‘आमच्या नोड्सवर फक्त आमचीच माणसं, म्हणजे गर्दी कमी’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण गर्दी कमी झाली तशी मशिन्सही कमी झाली. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९१७ साली मांडलेली रांगांची सूत्रं इथे जशीच्या तशी लागू पडतात. समजा २४ नोड्स आहेत, चार विभागांना सहा-सहा वाटून दिलेत, प्रत्येक जॉबला सहा नोड्स लागतात आणि जॉब सरासरी पाच तास चालतो. जॉब्स कधीही येतात आणि मशिन्स ८० टक्के वेळ कामात असतात. चार वेगळ्या रांगा केल्या तर सरासरी थांबावं लागतं २० तास. तेच २४ नोड्स एका रांगेला जोडले तर पावणेचार तास. मशिन्स तेवढीच, कामही तेवढंच. फरक पडतो तो एवढ्यानेच, की एका गटात रांग लागलेली असताना शेजारचा गट रिकामा बसत नाही.

हे गणित मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे वाटणी होती तेव्हाची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास एका मुलीचा फोन आला, “मॅडम, माझा जॉब परवापासून पेंडिंगच दाखवतोय, माझं काही चुकलंय का?” मी लॉगिन करून पाहिलं. तिच्या विभागाच्या पार्टिशनमध्ये १४ जॉब्स थांबलेले, पहिल्यासमोर कारण: रिसोर्सेस, म्हणजे मोकळे नोड्स नाहीत, आणि बाकीचे त्याच्या मागे. पुढची कमांड दिली तर शेजारच्या विभागाचे सहाच्या सहा नोड्स आयडल, म्हणजे रिकामे. त्या विभागाची परीक्षा चालू होती, तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आम्ही काढलेल्या त्या रेषेची होती, आणि ती मीच कॉन्फिगमध्ये टाईप केली होती.

वाटणीत आणखी एक नुकसान होतं ते कुणाच्या लक्षातच येत नाही. आठ नोड्सचा जॉब सहा नोड्सच्या गटात कधीच चालू शकत नाही, मग क्लस्टर रिकामा असला तरी. भावाभावांत वावर वाटलं की बांधातच किती जमीन जाते हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. म्हणून तर मुंबई इलाख्यात १९४७ सालीच तुकडेबंदीचा कायदा आला. बॅकफिलचंही तसंच. मोठ्या जॉबसाठी नोड्स मोकळे होण्याची वाट बघताना मधल्या वेळात छोटे जॉब्स सरकवायचे, ही शेड्युलरची सगळ्यात उपयोगी युक्ती. पण त्यासाठी मधे फटी पडायला हव्यात, आणि सहा नोड्सच्या गटात त्या पडून पडून किती पडणार? (मुलांना जॉबची वेळमर्यादा खरी लिहायला शिकवा, हे जाता जाता. सगळ्यांनीच कमाल मर्यादा टाकली तर बॅकफिल आंधळा होतो.)

आता न्यायाचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही. ज्या विभागाने स्वतःच्या प्रकल्पातून पैसे घातले त्याला त्याचं मिळालंच पाहिजे. प्रश्न एवढाच, की पैशाने नेमकं काय विकत घेतलं? सात नंबरची पेटी, की वर्षभराच्या कंप्युटिंगमधला ठरलेला वाटा? संशोधकाला पेटीशी काही देणंघेणं नसतं, त्याला काम झालेलं हवं असतं. वाटा राखण्याची सोय स्लर्ममध्ये आहे, तिला फेअरशेअर म्हणतात. प्रत्येक विभागाच्या अकाउंटला शेअर्स द्यायचे. ज्याने अलीकडे कमी वापरलं त्याचा जॉब पुढे सरकतो, ज्याने जास्त ओरपलं त्याचा मागे जातो. जुना वापर हळूहळू विसरला जातो, मूळ सेटिंगप्रमाणे सात दिवसांत त्याचं वजन निम्मं होतं.

‘आम्ही फेअरशेअर करून बघितलं, काही फरक पडत नाही’ असंही मला पुष्कळजण सांगतात. त्यांनी एक गोष्ट तपासावी. प्राधान्य ठरवताना फेअरशेअरला किती वजन द्यायचं याचा मूळ आकडा शून्य असतो. तो बदलला नाही तर शेअर्स कितीही काळजीने वाटा, रांगेवर त्यांचा परिणाम होणार नाही. अशा न तपासलेल्या शून्यावरूनच लोक वाटणीकडे वळताना मी पाहिलेत.

मालकी हक्क आणखी घट्ट हवा असेल तर प्रीएम्प्शन आहे, म्हणजे चालू असलेला कमी प्राधान्याचा जॉब हटवून जागा घेणं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या सॅव्हिओ क्लस्टरवर संशोधक स्वतःच्या पैशाने नोड्स घालतात. त्यांच्या वाट्यावर त्यांचा पहिला हक्क. पण ते वापरत नसतील तेव्हा कमी प्राधान्याचे जॉब्स तिथे चालतात, आणि मालक आला की त्यांना जागा सोडावी लागते. यात एक खोट आहे, ती लपवू नये. हाकललेला जॉब पुन्हा रांगेत लागतो आणि मधल्या टप्प्यावर काम सेव्ह होत नसेल तर पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून असे जॉब्स कुणी टाकावेत हे मुलांना आधी नीट समजावून सांगावं लागतं.

एकाच्या चुकीचा दुसऱ्याला ताप नको, हा मुद्दा मला सगळ्यात कमकुवत वाटतो, कारण खरे ताप नोड्सच्या पलीकडून येतात. कुणीतरी एका डिरेक्टरीत लाखो बारक्या फायली लिहायला लागतो आणि सगळ्यांचं सामाईक स्टोरेज गुदमरतं. कुणी लॉगिन नोडवरच, म्हणजे सगळे जिथून जॉब टाकतात त्या मशिनवरच, प्रोग्रॅम चालवतो आणि बाकीच्यांना फाईल उघडायलाही वेळ लागतो. यातलं काहीही पार्टिशनने थांबत नाही. नोडच्या आतल्या दांडगाईला सीग्रुप्सचा (प्रत्येक जॉबच्या वापराला मर्यादा घालणारी लिनक्समधली सोय) उपाय आहे: मागितली त्याहून जास्त मेमरी घ्यायला गेलेला जॉब तिथेच मरतो, शेजारच्याला धक्का लागत नाही. उलट वाटणीत बिघाडाचा चटका वाढतो. सहातला एक नोड बंद पडला की त्या विभागाची एक षष्ठांश ताकद गेली. चोवीसातला गेला तर सगळ्यांचं मिळून थोडंथोडं जातं.

हिशेबाबद्दल फार लिहायला नको. कोणत्या अकाउंटने किती सीपीयू-तास वापरले याची नोंद अकाउंटिंगच्या डेटाबेसमध्ये होतच असते, महिन्याचा रिपोर्ट एका कमांडवर निघतो. हिशेबासाठी मशिन्स वेगळी लागत नाहीत.

राहिलं हार्डवेअर. जीपीयूचे (एकाच वेळी पुष्कळ गणितं करणाऱ्या खास चिपचे) नोड्स वेगळ्या गटात हवेत, नाहीतर साधे सीपीयूचे जॉब्स त्यांची जागा अडवून बसतील. नेटवर्क वेगळं असलेली जुनी मशिन्सही वेगळी ठेवावीत, अर्धा जॉब इकडे अर्धा तिकडे पडला तर तो रखडतो. गोपनीय माहितीवरच्या कामाला अटीच तशा असल्या तर स्वतंत्र गट लागतोच. पण प्रत्येक फरकासाठी भिंत लागत नाही. जास्त मेमरीच्या नोड्सना मी फीचरचं लेबल लावते, ज्याला हवेत तो जॉबमध्ये तसं मागतो. शिवाय त्यांचं वेट वाढवून ठेवते, म्हणजे शेड्युलर साध्या जॉबसाठी आधी साधेच नोड्स उचलतो. प्रॅक्टिकलच्या तासाला तेवढ्या वेळेपुरतं रिझर्वेशन करते, तास संपला की नोड्स परत सगळ्यांचे.

आणि एकच नोड अनेक पार्टिशन्समध्ये असू शकतो, हे त्या मजकुरात कुठेच आलेलं नाही. आम्ही शेवटी याचाच उपयोग केला. चारही विभागांची पार्टिशन्स त्याच नावांनी ठेवली, फक्त प्रत्येकासमोर २४ नोड्सची पूर्ण यादी लिहिली. एका विभागाने एकावेळी किती सीपीयू घ्यायचे यावर क्यूओएसची (स्लर्ममधल्या वापराच्या नियमांची) मर्यादा घातली, शेअर्स पैशाच्या प्रमाणात लावले आणि फेअरशेअरचं वजन शून्यावरून वर आणलं. कुणालाही आपल्या स्क्रिप्टमधली एक ओळ बदलावी लागली नाही. विभागप्रमुखांना दर महिन्याला रिपोर्ट जातो, त्यात स्वतःचा वाटा त्यांना दिसतो. सहा नोड्स परत वेगळे करून द्या असं त्यानंतर कुणी मागितलेलं नाही.