सेवा समुद्राची, तीही परदेशातली

समुद्र वाचवायचा असं मनाने घेतलं की आधी कोणता समुद्र ते ठरवा. वाशीच्या पुलावरून दिसतो तो नव्हे. ती खाडी आहे आणि तिला वास येतो. वाचवण्याजोगा समुद्र निळा असतो, तळाशी प्रवाळ असतं आणि तिथे जायला पासपोर्ट लागतो. थायलंडचं कोह ताओ, इंडोनेशियाची गिली बेटं, होंडुरासचं उटिला, यांतलं एक निवडा आणि तिथल्या बुडी मारून प्रवाळ वाचवण्याच्या प्रकल्पात नाव घाला. ऑफिसात कुणी नाव ऐकलेलं नसेल तर उत्तमच. तारकर्लीचा विषय काढू नका. डायव्हिंग तिथेही शिकवतात, मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. पण कोकणातून आलेल्या माणसाला ‘निसर्गासाठी केवढं केलंस’ असं कोणी म्हणत नाही. आंबे आणलेस का, विचारतात.

घरी सांगताना ‘व्हॉलंटियर’ हाच शब्द वापरा. ‘स्वयंसेवक’ म्हटलंत की विसर्जनाला शिट्टी फुंकणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. तरी बाबा विचारणारच.

“पगार किती?”

“पगार नाही हो, पैसे आपण भरायचे.”

“काम आपण करायचं आणि पैसेही आपणच भरायचे?”

“राहणं, जेवण, सिलिंडर, सगळं त्यात आलं.”

“गॅसचा?”

“हवेचा.”

“हवेचेही पैसे घेतात? मग सेवा कोण कोणाची करतंय?”

इथे ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणून लॅपटॉप उघडावा. माझं तरी तेवढ्यावर भागलं.

पोहता यायला हवं, ही अट जरा जाचक आहे. डायव्हिंगच्या कोर्समध्ये 200 मीटर न थांबता पोहून आणि 10 मिनिटं नुसतं तरंगून दाखवावं लागतं. आपल्या सोसायटीचा पूल कमरेएवढा, त्यात सायंकाळी बिट्टू-चिंटूच्या ट्यूबा. पण जमेल. पहिला परवाना मिळाला की 18 मीटरपर्यंत उतरता येतं, म्हणजे साधारण सहा मजले. बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला सहाचं काय कौतुक!

खरी गंमत पाण्याखाली. नवशिक्याला अधांतरी राहता येत नाही. श्वास भरला की तो वर जातो, सोडला की खाली बसतो. खाली बसताना गुडघ्याला, कोपराला, पायातल्या फिनला जे टोचतं, तेच ते प्रवाळ, ज्याला वाचवायला तुम्ही आलात. प्रवाळाच्या काही जाती वर्षाकाठी सेंटिमीटरभरही वाढत नाहीत, त्यामुळे तुमच्या एका लाथेत कित्येक वर्षांचा हिशेब चुकता होतो. घाबरू नका. मोडलेले तुकडे लोखंडी सांगाड्याला बांधून पुन्हा वाढवणं हेही प्रकल्पाचंच काम. पहिल्या आठवड्यात मोडा, दुसऱ्या आठवड्यात बांधा. काही ठिकाणी आधी वाळूवर सराव करून घेतात आणि अंग सावरता येईपर्यंत प्रवाळाजवळ फिरकू देत नाहीत. अशी ठिकाणं कटाक्षाने टाळा. वाळूवरचे फोटो कोण बघणार?

मग सर्वेक्षण. तळावर 100 मीटरची टेप, तिच्यावर 20 मीटरचे चार टप्पे, हातात पाटी-पेन्सिल, आणि मासे मोजायचे. आपल्या माणसाला हे अवघड जाऊ नये. फक्त समोर हेकरू आला की तो किती तुकड्यांचा होईल हे पाटीवर लिहू नये. मी लिहिणार होतो. पोपटमासा दिसेल. तो दगडी प्रवाळ खरवडून शेवाळ खातो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. त्याच वाळूवर तुम्ही पहाटे ध्यानाला बसणार आहात.

खुणा पाठ करा. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. अंगठा वर केलात तर त्याचा अर्थ ‘बुडी संपली, मी वर चाललो’. सोसायटीच्या ग्रुपवर जन्म काढलेला माणूस पहिल्याच दिवशी चारदा वर येतो.

प्रवाळ पांढरं का पडतंय, यावर संध्याकाळी व्याख्यान असतं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं, रंग जातो आणि उपासमार सुरू होते. असं जगभर एकाच वेळी होण्याची चौथी खेप एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाली. पाणी का तापतंय हा प्रश्न विचारू नका. तुम्ही दोन विमानं बदलून आलात. पुढच्या वेळी उलव्याची टेकडी कापून आणि नदी वळवून बांधलेल्या आपल्या नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून निघालात, तर पुण्य दारातूनच सुरू होईल.

शेवटच्या बुडीनंतर 18 तास विमानात बसू नये म्हणतात. ते किनाऱ्यावर काढा आणि ‘समुद्राने मला काय शिकवलं’ हे लिहून टाका.

परत आलात की बाल्कनीतून ती खाडी दिसेल. तिला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळालाय, त्याआधी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालंय, पण तिच्यात काही राम नाही. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, इथे फी न भरता येतात, त्यामुळे त्यांना व्हॉलंटियर म्हणता येत नाही. सीवूड्सच्या तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं आणि 2024 च्या एप्रिलमध्ये त्यांतले काही मेले, तेव्हा तुम्ही बहुधा पासपोर्टच्या रांगेत होता. खारफुटीत निवट्या, म्हणजे चिखलातल्या मासळ्या, उड्या मारतात, पण त्या चिखलाच्या रंगाच्या, फोटोत येत नाहीत. सारसोळ्याच्या जेट्टीवर जाळं झाडणाऱ्या कोळीदादांना विचाराल तर आज मासे किती आणि पिशव्या किती हे ते टेपशिवाय सांगतील. प्रमाणपत्र मात्र देणार नाहीत.

एवढ्यात ग्रुपवर मेसेज येईल: रविवारी सकाळी सातला खाडीकाठी प्लास्टिक गोळा करायचंय, जुने बूट घालून या. त्यावर न चुकता अंगठा टाका. त्याचा अर्थ तुम्ही शिकून आलाच आहात.