शीड संपलं की नुसता दोरा? तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

‘शिवण उसवली म्हणजे शीड संपलं, घरी टाके घालायला सांगून तुम्ही लोकांना धोक्यात घालताय,’ असं तुम्ही होडीचं शीड घरी दुरुस्त करण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. माझ्या सांगण्यावरून लावलेलं चिकट ठिगळ दुसऱ्याच दिवशी सुटलं, हेही.

आधी ठिगळाचं, कारण तिथं चूक माझी आहे. शीड गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून, मग स्पिरिटनं पुसून घ्यायचं, हे मी लिहायलाच हवं होतं. कापडावर मीठ राहिलं की गोंद कापडाऐवजी मिठावर बसतो, आणि मीठ ओलावा ओढत राहतं. ठिगळाचे कोपरे गोल कापले होते का? टोकदार कोपरा आधी उचलला जातो.

शिवणीबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. सुती शिडात दोरा मऊ कापडात रुतून बसायचा. १९५० च्या दशकात पॉलिस्टर आलं. ते इतकं घट्ट विणलेलं आणि ताठ असतं की दोरा वरच राहतो. ऊन त्यालाच लागतं, डोलकाठीच्या तारांवर घासतोही तोच. त्यामुळे बहुतेक वेळा कापडाच्या कितीतरी आधी दोरा जातो. नुसत्या दोऱ्यापायी धडधाकट कापड टाकून दिलेलं मला खरंच बघवत नाही.

कापड वेगळं तपासायचं. शिडाच्या मागच्या कडेला, जिथं ऊन आणि फडफड दोन्ही जास्त, तिथं दुमडीच्या आत सुई टोचून हलकेच बाजूला ओढा. भोक तेवढंच राहिलं तर शिवा. कापड टरकत गेलं तर तुमचंच बरोबर, तिथं टाका धरणार नाही. दोऱ्याची परीक्षा याहून सोपी: नखानं खरवडल्यावर तुटला, तर उरलेली शिवणही लवकरच उसवेल.

शिवताना उसवलेल्या शिवणीच्या दोन बाजूंचे कापडाचे पट्टे आधी दुहेरी चिकटपट्टीनं जागेवर बसवा. ते जरा जरी सरकले तरी चुण्या पडतात आणि शिडाचा आकार बिघडतो. मग मेण लावलेला पॉलिस्टरचा दोरा जुन्याच भोकांतून न्यायचा: जाताना एक तिरपा टाका सोडून एक, परत येताना राहिलेले, म्हणजे नागमोडी शिवण पुरी होते. नवी भोकं पाडू नका. टपाल तिकीट जसं भोकांच्या रांगेवर फाटतं, तसंच कापडही फाटतं.

तुमची भीती सगळीच चुकीची नाही. शिडाच्या कोपऱ्यांत, कड्यांपाशी, सगळा ताण एकवटतो आणि कापडाचे अनेक थर असतात. तिथलं काम शीड शिवणाऱ्या कारागिराकडेच द्या. कापडावर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवलेल्या शिडांनाही हा उपाय लावू नका, सुईच्या भोकांपासून फिल्म चिरत जाते. ही मर्यादा मी आधी सांगितली नव्हती, आता मूळ लेखात घालतो.

तुमच्या शिडाच्या मागच्या कडेवर ती सुई टोचून बघा आणि काय झालं ते कळवा. कापड टरकलं, तर नवं शीड घ्या असं मीच सांगेन.