नडगी दुखते म्हणून गेलो, डॉक्टरांनी पाळी विचारली

लेक अकरावीत आहे, पंधराशे आणि तीन हजार मीटर पळते. आम्ही साताऱ्याचे. माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल पळली, तेव्हापासून इकडे पोरींना पळायला कुणी फारसं अडवत नाही.

दिवाळीनंतर तिची उजवी नडगी दुखायला लागली. एक्स-रे स्वच्छ. गोळ्या, मलम, आठ दिवस आराम. परत पळाली, परत दुखलं. दुसऱ्या डॉक्टरांनी तर उपायच सांगून टाकला, "पुढच्या वर्षी बारावी आहे ना, सोडा आता पळणं."

शेवटी पुण्याला स्पोर्ट्स मेडिसिनच्या मॅडमकडे गेलो. मला वाटलं होतं, हे म्हणजे खेळाडूंचे हाडांचे डॉक्टर, नाहीतर फिजिओ. दोन्ही नाही. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी याच विषयात केलेलं. ऑपरेशन त्या करत नाहीत, गरज पडली तर ऑर्थोकडे पाठवतात. ब्रिटनमध्येसुद्धा या शाखेला स्वतंत्र मान्यता २००५ साली मिळाली, तर आमच्यासारख्यांना कुठून माहीत असणार!

पायाला हात लावायच्या आधी मॅडमनी वीस मिनिटं नुसतं विचारलं. आठवड्याला किती किलोमीटर? दोन महिन्यांत किती वाढवले? डांबरी की ट्रॅक? बूट कधीचे? पळून आल्यावर किती वेळाने खातेस? आणि मग, "पाळी शेवटची कधी आली?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. पाच महिने आली नव्हती. मला माहीत होतं. खरं सांगते, स्पर्धेच्या दिवसांत कटकट नाही, बरंच झालं, असं वाटायचं मला. सरही खूश होते, पोरगी हलकी झालीय, टायमिंग सुधारतंय.

मॅडमनी कागदावर काढून समजावलं. जेवढं पळतो तेवढं पोटात गेलं नाही की शरीर काटकसर करतं. आधी पाळी थांबते. इस्ट्रोजेन कमी पडलं की हाड नीट भरत नाही, आणि पळून पळून पडलेली बारीक चीर सांधायच्या आत पुढची पडते. याला रेड-एस म्हणतात, ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये हे नाव दिलं. मुलग्यांनाही होतं. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. सुरुवातीच्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. राग आहे तो शाळेच्या स्पर्धांसाठी दरवर्षी लागणाऱ्या फिटनेस सर्टिफिकेटवर. पोरीकडे मान वर करून न बघता सही-शिक्का मिळतो, आणि आम्ही पालक तो घेऊन खुशाल घरी येतो. तिथे कुणी एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं.

पळणं बंद झालं, खेळ नाही. पोहणं सुरू, खाणं वाढवलं, रक्तात लोह आणि ड जीवनसत्त्व तपासलं. जिममधून आणलेल्या पावडरचा डबाही मॅडमनी बघितला आणि बाजूला ठेवायला लावला. त्यात काय मिसळलंय याची खात्री नाही, आणि डोपिंगमध्ये सापडल्यावर "माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. सरांशी फोनवर त्या स्वतः बोलल्या. त्याचीच मला खरी धास्ती होती.

आता ती एक मिनिट पळते, दोन मिनिटं चालते. आमच्या कॅलेंडरवर सिलेंडर लावल्याची तारीख असते, दुधाचे खाडे असतात. गेल्या महिन्यात तिथे तिने स्वतः लाल पेनाने एक गोल केलाय.