लेझरचा माल सारखा नसतो, आणि पीव्हीसी तर मशीनमध्ये घालायचंच नसतं

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला, ‘मावशी, हे बरोबर आहे का? सगळे पाठवतायत.’ खाली तो फॉरवर्ड, ‘लेझर कटिंगमध्ये नफा दुप्पट करा’. त्यात पाच सल्ले. माल सगळीकडे सारखाच असतो, सर्वांत स्वस्त सप्लायर पकडा. ॲक्रिलिक महाग पडत असेल तर पीव्हीसी फोम शीट आणि रेक्झिन चालवा, एक्झॉस्ट सुरू असला की काही होत नाही. ३ एमएम म्हणजे ३ एमएम, मोजत बसू नका. वर्षाचा माल एकदम उचला. आणि मालाच्या भावाला तिनाने गुणा, झाला तुमचा रेट.

भाच्याने महिन्यापूर्वी कर्ज काढून मशीन घेतलंय, आणि मला विचारण्याआधीच पीव्हीसीची शीट मागवूनही मोकळा झालाय. म्हणून हे लिहायला बसले.

आधी पीव्हीसी, कारण बाकीच्या सल्ल्यांनी पैसे जातील, याने मशीन आणि छाती दोन्ही जाईल. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. बीमच्या उष्णतेने ते हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन सुटतं, आणि हवेतला ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. लोखंड गंजवायला आणि घसा जाळायला एवढं पुरे. फोम शीट हलकी असते म्हणून धूर कमी होईल, पण वायू तोच.

‘एक्झॉस्ट सुरू असला की काही होत नाही’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने मशीनचं झाकण उघडून कधी पाहिलेलं नाही. वायू सुटतो तो थेट लेन्सच्या खाली, कापाच्या फटीत. पंख्यापर्यंत जाईपर्यंत तो लेन्स, आरसे, रेल, बेअरिंग या सगळ्यांवरून फिरून जातो. मग पंखा आणि पाइप खातो, आणि उरलेला बाहेर कोणाच्या तरी खिडकीत शिरतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका सप्लायरने ‘पीयू (पॉलियुरेथेन) आहे, पीव्हीसी नाही, बिनधास्त कापा’ म्हणून कृत्रिम चामड्याचा रोल दिला. मी विश्वास ठेवला. दोन संध्याकाळी काम केलं. चौथ्या दिवशी रेलवर तांबूस ठिपके, बोट फिरवलं तर खरखरीत. लेन्स काढून पुसली, पुन्हा पुसली, तिच्यावरची धुरकट साय हलेना. घसा तर पहिल्याच रात्री धरला होता. तो रोल मी स्वस्तात घेतला होता. लेन्स, बेअरिंग आणि थांबलेल्या ऑर्डरी धरल्या तर तेवढं महाग मटेरियल मी आजवर घेतलेलं नाही. एपिलॉग आणि ट्रोटेकसारखे मशीन बनवणारेच पीव्हीसी कापू नका असं सांगतात. नफ्याचे सल्ले देणाऱ्याने तेवढं तरी वाचायला हवं होतं.

रेक्झिन पीव्हीसीचं की पीयूचं हे हात लावून कळत नाही, सप्लायरच्या शब्दावरूनही नाही. बाइलस्टाइन या रसायनशास्त्रज्ञाची १८७२ सालची चाचणी आजही तेवढीच कामाची आहे. तांब्याची तार पकडीत धरून ज्योतीत तापवा, ज्योतीचा रंग साधा होईपर्यंत. गरम तार नमुन्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन असल्याचं धरून चाला, तो माल मशीनकडे न्यायचा नाही. उघड्यावर करा, धूर नाकात घेऊ नका, नखाएवढा तुकडा पुरतो.

आता ‘३ एमएम म्हणजे ३ एमएम’. कास्ट ॲक्रिलिकचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ७८२३-१. सर्वसाधारण आकाराच्या शीटसाठी त्यात जाडीची सूट अशी: जाडीच्या दहाव्या भागात ०.४ एमएम मिळवा, तेवढं कमी किंवा जास्त चालतं. म्हणजे ‘३ एमएम’ची शीट २.३ पासून ३.७ पर्यंत कुठेही असू शकते, आणि तरी ती मानकात बसते, फसवणूक नाही. कास्ट शीट दोन काचांमध्ये ओतून बनवतात, घट्ट होताना रसायन पाचव्या हिश्श्याने आकसतं, जाडी थोडी इकडेतिकडे होणारच. एक्स्ट्रूडेड शीट साच्यातून निघून रोलरमधून जाते, तिच्यात ३ एमएमपासून पुढे सूट फक्त ५ टक्के. बॉक्सची खाच ३.० ची आणि शीट २.७ ची आली तर जोड खुळखुळतो. ३.३ ची आली तर शिरतच नाही, ठोकलं की कोपरा उडतो. चारही कोपऱ्यांना व्हर्नियर लावायला एक मिनिट लागतं.

याच आकड्यांच्या आधारे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. महाग तेच चांगलं, हेही खोटं आहे. नुसतं कटिंग असेल, एन्ग्रेव्हिंग नसेल, तर स्वस्त एक्स्ट्रूडेड शीट जाडीला जास्त भरवशाची आणि तिची कड चकचकीत निघते. पण तिच्यावर अक्षर कोरलं तर ते जवळजवळ पारदर्शकच राहतं. कास्टवर तेच अक्षर दुधाळ पांढरं उठतं. फॉरवर्डवाल्याच्या ‘सारखाच माल’मध्ये हा फरक बसतच नाही. प्लायचंही तेच. वॉटरप्रूफ प्लाय फर्निचरला उत्तम, लेझरला त्रासाची, कारण तिचा फिनॉलिक गोंद बीमला लवकर दाद देत नाही आणि कड कोळसा होते.

वर्षाचा माल एकदम? ॲक्रिलिक टिकतं, वाहतूकही सुट्या शीटपेक्षा स्वस्त पडते, ते खरं. पण प्लाय ओलाव्याने वाकते, आणि वाकलेल्या शीटवर फोकस राहत नाही.

रेटचा सल्ला तर हिशेबातच बसत नाही. चांगली शीट १०० ला धरा, तिच्यातून २० नग निघतात, नग ५ ला पडला. स्वस्त शीट ८५ ला, पण प्लायच्या पोटात पोकळी किंवा भरणीचा ठिपका लागून ४ नग वाया गेले. उरले १६, नग ५.३१ ला पडला. त्या चार नगांना लागलेला मशीनचा वेळ अजून धरलाच नाही. शिवाय साध्या प्लायवरची बारीक जाळी ४० मिनिटं खाते आणि महाग ॲक्रिलिकची गोल चकती एका मिनिटात निघते. दोन्हीला तिनाने गुणलं तर जाळीत तुम्ही बुडालात आणि चकतीवाला गिऱ्हाईक दुसरीकडे गेला. मालाचा भाव, वेस्टेज, मशीनचे मिनिट, हाताचे मिनिट, चारही वेगळे लिहावे लागतात.

भाच्याला सांगितलंय, नवा सप्लायर धरलास तर आधी एकच शीट घे. कास्ट की एक्स्ट्रूडेड ते बिलावर लिहून माग, नाही लिहिलं तर सोडून दे. टेस्टचा तुकडा काप, त्यावर लॉट, जाडी, पॉवर, स्पीड मार्करने लिहून भिंतीला टांग. पुढचा लॉट आला की त्याच्याशी ताडून बघ.

ती पीव्हीसीची शीट अजून त्याच्या दाराशी उभी आहे. परत घेत नसतील तर कटरने हाताने कापून बोर्डासाठी वापर म्हटलं. राऊटरवर, म्हणजे फिरत्या पात्याने कापणाऱ्या मशीनवरही चालेल. लेझरखाली नाही.